घरच्या ड्राय सरावाला मोबाईलचा टायमर: ३ सेकंदांच्या शॉटसाठी कसा लावता?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. बरीच वर्षं १० मीटर एअर पिस्तूल खेळले, आता २५ मीटर पिस्तूलकडे वळले आहे. आमच्या जवळपास २५ मीटरची रेंज नाही, त्यामुळे खरी फायरिंग पुण्याच्या बालेवाडीला कॅम्प असेल तेव्हाच. एरवी घरी एअर पिस्तूलवर ड्राय, म्हणजे छर्रा न भरता नुसता सराव.

२५ मीटरच्या मॅचचे दोन भाग, प्रिसिजन आणि रॅपिड. प्रिसिजनचं काही वाटत नाही. पाच शॉट्सना पाच मिनिटं असतात, हात खाली घेऊन पुन्हा उचलायलाही वेळ मिळतो. घोडं अडतं ते रॅपिडला. लाल दिवा ७ सेकंद, हिरवा ३ सेकंद, असं पाच वेळा, की एक सिरीज झाली. हात ४५ अंशांच्या खाली धरायचा, हिरवा लागला की वर, आणि ३ सेकंदांत एकच शॉट. हे घरी मोजणार कोण? भावाला घड्याळ देऊन बसवलं तर दोन सिरीज झाल्या की त्याला काहीतरी काम आठवतं.

म्हणून फोनवर इंटरव्हल टायमरचं एक ॲप घेतलं. आहे व्यायामवाल्यांचं, पण त्यात ७ आणि ३ हे आकडे भरता येतात. पहिली बीप वाजली की हात वर, दुसरी वाजायच्या आत ट्रिगर. मला फायदा जाणवतोय, हात रोज एकाच वेगानं वर यायला लागलाय. आमच्या सरांना मात्र हे पसंत नाही. ते म्हणतात, बीपच्या नादी लागलीस तर ट्रिगर सावकाश दाबायचा सोडून हिसक्यानं ओढायला लागशील.

मला तरी ठामपणे वाटतं की घरी एकट्यानं सराव करणाऱ्याला टायमरवाचून गत्यंतर नाही. प्रश्न तो लावायचा कसा एवढाच आहे. ॲप कोणतं, आवाज की दिवा, फोन कुठे ठेवता, सगळं सविस्तर लिहा.

दहा_पॉइंट_नऊ

छान धागा. मी एअर पिस्तूलवाला, २५ मीटरचा अनुभव नाही, पण फोनच्या बाजूनं सांगण्यासारखं बरंच आहे.

ब्लूटूथ इअरफोन वापरत असाल तर आजपासून बंद करा. आवाज कानापर्यंत पोचायला उशीर होतो, आणि तो उशीर प्रत्येक जोडीत वेगळा. चित्रपट बघताना फोन तो सांभाळून घेतो, टायमरच्या ॲपला ते जमत नाही. ३ सेकंदांच्या खेळात पाव सेकंद म्हणजे खूप झाला. दुसरी भानगड आणखी वाईट: मधल्या ७ सेकंदांत आवाज नसला की काही इअरफोन डुलकी घेतात, आणि जाग येईपर्यंत छोट्या बीपचा पहिला तुकडा गिळून टाकतात. तुम्हाला वाटतं आपणच उशिरा उचलला.

वायरचा इअरफोन किंवा फोनचा स्वतःचा स्पीकर, दोन्ही चालतात.

तिसरं, बॅटरी वाचवण्याची सेटिंग. स्क्रीन बंद झाली की बरेच अँड्रॉइड फोन मागे चालणारं ॲप मारून टाकतात. त्या ॲपपुरती ती सेटिंग काढा आणि स्क्रीन चालू ठेवा. फोन फ्लाइट मोडवर. सिरीजच्या मध्ये कुणाचा 'गुड मॉर्निंग' आला की त्या सिरीजचं मातेरं झालंच.

पेलेटपुराण

फ्लाइट मोडला अनुमोदन. माझ्या आईचा फोन नेमका चौथ्या शॉटला येतो. तिला ड्रायची वेळ बहुतेक आतून कळते.

बालेवाडीकर

कृष्णाकाठ, तुमच्या सरांचं आणि तुमचं, दोघांचंही बरोबर आहे. पण एक मुद्दा दोघांकडूनही सुटलेला दिसतोय.

रॅपिडला सुरुवातीचा इशारा कानाला नसतो, डोळ्याला असतो. 'लोड' आणि 'अटेन्शन' कानावर येतात. 'अटेन्शन'नंतर लाल दिवा, ७ सेकंदांनी हिरवा, आणि तिथून पुढे सगळं दिव्यावर. घरी बीपवर हात उचलायची सवय लावली तर मॅचला इशारा वेगळ्या वाटेनं येतो. माणूस आवाजाला प्रकाशापेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देतो. हा फरक सेकंदाच्या काही शतांशांचा आहे, त्यामुळे तो एकटा फार नडत नाही. नडते ती नजर. बीपवर सराव करणारा नेमबाज लाल दिव्याच्या ७ सेकंदांत कुठेही बघत असतो, कारण कान राखणीला असतात. मॅचमध्ये त्या ७ सेकंदांत डोळे टार्गेटवर स्थिर हवेत.

म्हणून फोन खिशात नको, भिंतीवर हवा. पूर्ण स्क्रीनचा रंग लाल-हिरवा बदलणारी ॲप मिळतात. फोन टार्गेटच्या शेजारी, डोळ्यांच्या रेषेत चिकटवा. आवाज पूर्ण बंद.

टार्गेटचं मापही जमवा. रॅपिडच्या टार्गेटचा काळा भाग ५०० मिमी व्यासाचा असतो, तो २५ मीटरवर. खोलीत ५ मीटर मिळत असतील तर १०० मिमीचं काळं वर्तुळ, ३ मीटर मिळत असतील तर ६० मिमीचं. एअर पिस्तूलचं कार्ड लावून रॅपिडचा सराव करू नका, चित्रच वेगळं दिसतं. रॅपिडच्या टार्गेटवर मध्याच्या डाव्या-उजव्या बाजूला पांढऱ्या आडव्या रेघा असतात, त्या पण पेनानं काढून घ्या. हात वर येताना नजर त्या रेघांच्या उंचीवरच थांबायला शिकते.

कृष्णाकाठ

बालेवाडीकर दादा, हे खरंच लक्षात आलं नव्हतं. आमच्या हॉलमध्ये साडेचार मीटर मिळतात, म्हणजे ९० मिमी. आजच कापते. पण आवाज नसेल तर ३ सेकंद संपल्याचं कसं कळणार?

बालेवाडीकर

मॅचमध्ये जसं कळतं तसंच, दिवा लाल होतो. शॉट व्हायच्या आधी लाल झाला तर शॉट मारायचा नाही, हात खाली. हा नियम ड्रायलाही पाळा. उशिरा मारलेला ड्राय शॉट हा हाताला दिलेला चुकीचा धडा आहे.

फौजीकाका

निवृत्त माणूस आहे, ॲपबिप माहीत नाही. आमच्या वेळी फायरिंगला ठरावीक सेकंद टार्गेट उभं राहायचं आणि पडायचं. हवालदार साहेब स्टॉपवॉच आणि शिट्टी घेऊन मागे उभे. तरुण पोरं टार्गेट दिसलं की घाईनं घोडा दाबायची आणि गोळी खाली मातीत. साहेब सांगायचे, वेळ कमी नाही, तू वेळ वापरत नाहीस. पूर्ण वेळ वापरायला शिकवलं की तीच पोरं टार्गेटवर यायची. टायमरचा खरा उपयोग मला हाच दिसतो. घाई करायला लावण्यासाठी नाही, किती वेळ शिल्लक आहे ते अंगात भिनवण्यासाठी.

कोल्हापुरी_टेन

फौजीकाका, लई भारी बोललासा!

दूधगंगा

मी मुलांना १० मीटर शिकवतो, त्यामुळे कृष्णाकाठच्या सरांची बाजू घेणार.

एअर पिस्तूलला टायमर लावून शॉट मारणं मला मान्य नाही. साधा हिशोब बघा. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉट्सना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला ७५ सेकंद. पॅरिस ऑलिंपिकला फायनलमध्ये आधी पाच-पाच शॉट्सच्या दोन सिरीज होत्या, प्रत्येकी २५० सेकंदांच्या, आणि मग एकेक शॉट ५० सेकंदांचा. म्हणजे तिथेही शॉटमागे ५० सेकंद. हात वर जाऊन शॉट सुटेपर्यंत चांगल्या नेमबाजाला साधारण ५ ते ८ सेकंद लागतात. वेळ कुठे कमी पडतोय? तरी पालक 'दर शॉटला बीप' लावून देतात आणि मूल बीप यायच्या आत सुटका करून घेतं. साईट हलतेय, मनगट सैल आहे, तरी बोट ओढलं जातं. घंटा झाली म्हणून जेवायला बसायचं की भूक लागली म्हणून, एवढाच प्रश्न आहे. शॉट साईट जुळल्यावर व्हायला हवा.

एकदा ही ओढायची खोड लागली की मोडायला महिने जातात. कोऱ्या कार्डवर मारायला लावा, नुसतं होल्डिंग (पिस्तूल उचलून स्थिर धरणं) करून घ्या, ट्रिगरला हातच लावू देऊ नका, असं सगळं करावं लागतं. म्हणून माझ्याकडच्या लहान मुलांना पहिली दोन-तीन वर्षं टायमर नाही.

ठाण्याची_आई

दूधगंगा सर, मी त्या पालकांपैकीच. माझी मुलगी १३ वर्षांची, एअर पिस्तूल. टायमर लावते, पण शॉटला नाही, होल्डिंगला. पिस्तूल उचलायचं, २० सेकंद धरायचं, ट्रिगरवर बोट नाही, ४० सेकंद आराम. मी सेकंद मोजत बसले की आम्हा मायलेकींची भांडणं होतात ("आई तू हळू मोजतेस!"). फोनशी कोणी भांडत नाही. हे चालेल ना?

दूधगंगा

ताई, हे उत्तमच. होल्डिंगला टायमर मी स्वतः वापरायला सांगतो, कारण तिथे बोट ट्रिगरवरच नसतं. फक्त एक बघा, १३ वर्षांच्या मुलीला शेवटच्या फेऱ्यांत खांदा वर चढवायची किंवा कमरेतून मागे झुकायची वेळ आली तर तिथेच थांबवा. फोनला ते दिसत नाही, तुम्हाला दिसेल.

डॅलसकर_जोशी

इकडून थोडा वेगळा अनुभव. मी अमेरिकेत हौशी प्रॅक्टिकल शूटिंग खेळतो. इथे शॉट टायमर हे खेळाचं हृदयच आहे. पंच टायमर तुमच्याजवळ धरतो, बीप होते, आणि तो यंत्राचा माइक प्रत्येक शॉटचा आवाज ऐकून वेळ नोंदवतो. पहिला शॉट किती सेकंदांनी, मधलं अंतर किती, शेवटचा कधी. गुणांना त्या वेळेनं भागून निकाल लागतो.

हेच करणारी फोनची ॲप आहेत. मोकळ्या जागेत एकटेच असाल तर बरी चालतात. शेजारी कोणी फायर करत असेल तर त्याचे शॉट पण तुमच्या खात्यावर जमा. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला आहे. मोठा आवाज आला की तो आपोआप दाबला जातो, त्यामुळे लागोपाठचे दोन शॉट कधी एकच धरले जातात. म्हणून मॅचला सगळे वेगळं यंत्रच वापरतात.

पण घरी ड्रायला इथले लोक ॲपमधली 'पार टाइम' ही सोय वापरतात. सुरुवातीची बीप यादृच्छिक उशिरानं होते, आणि ठरवलेल्या वेळेनंतर दुसरी. मधल्या वेळात काम झालं पाहिजे. तुमच्या ३ सेकंदांसाठी अगदी सोयीचं. आणि सुरुवात कधी होणार हे माहीत नसल्यामुळे आधीच हात उचलायची खोड लागत नाही.

बालेवाडीकर

जोशीसाहेब, यादृच्छिक उशीर स्कीटला (शॉटगननं उडत्या क्ले, म्हणजे चकत्या, मारण्याच्या खेळाला) योग्य. तिथे नेमबाजानं हाक दिल्यावर क्ले ० ते ३ सेकंदांत कधीही सुटते. २५ मीटरला लाल दिवा ठरलेल्या ७ सेकंदांचाच असतो. 'अटेन्शन'नंतरच्या पहिल्या वेळेत एखाद्या सेकंदाचा फरक नियमाला चालतो, तेवढाच. तो ७ सेकंदांचा ताल नेमबाजानं स्वतःच्या श्वासाला बांधून घ्यायचा असतो. एक श्वास पूर्ण, दुसरा अर्धा सोडला की हिरवा, असं. यादृच्छिक ठेवलं तर हा तालच बसणार नाही.

डॅलसकर_जोशी

हे पटलं. आमच्या खेळात श्वास मोजायला कुणाला सवड नसते. 🙂

पेलेटपुराण

माइकवाल्या ॲपबद्दल: ड्रायची 'टक्' ऐकू यावी म्हणून संवेदनशीलता पूर्ण वाढवली की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी पण शॉट म्हणून नोंदवली जाते. त्या हिशोबानं शेजारच्या काकू रॅपिडमध्ये राष्ट्रीय पातळीच्या आहेत.

थ्रीपी_वेडा

रायफलवाल्यांच्या वतीनं मधे घुसतो. ५० मीटर थ्री पोझिशनला (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन म्हणजे पालथं पडून, स्टँडिंग म्हणजे उभ्यानं) टायमर शॉटसाठी लागत नाही, पोझिशन बदलण्यासाठी लागतो.

आता ६० शॉट्सना ९० मिनिटं, आणि नीलिंगवरून प्रोनला, प्रोनवरून स्टँडिंगला जाण्याचा वेळ त्यातच. पॅरिसच्या फायनलमध्ये नीलिंगच्या सिरीजला २०० सेकंद, प्रोनच्या १५०, स्टँडिंगच्या २५०, आणि मधे बदलायला ७ आणि ९ मिनिटं, सायटिंग शॉट्ससकट (साईट जुळवायचे, गुणांत न धरले जाणारे शॉट). आता बघा या ७ मिनिटांत काय काय करायचंय: घोट्याखालचा रोल काढायचा, मॅट सरकवायची, बटप्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) बदलायची, स्लिंगचं भोक बदलायचं, साईटचे क्लिक फिरवायचे, आडवं पडायचं, नॅचरल पॉइंट (जोर न लावता रायफल जिथे रोखली जाते ती जागा) तपासायचा, आणि मग सायटिंग. एक गोष्ट विसरली की सायटिंगचा वेळ खाल्ला जातो.

मी घरी हे सगळं जॅकेट-ट्राउझर घालून, फोनवर ७ मिनिटांचं उलटं घड्याळ लावून करतो. मिनिटामिनिटाला फोन बोलतो, 'पाच राहिले', 'चार राहिले'. ठरलेल्या मिनिटाला मी ठरलेल्या पायरीवर असलोच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये त्या जॅकेटात उकडून निघायला होतं, पण मॅचला हात आपसूक चालतात.

स्वप्नील कुसाळेची पॅरिसची फायनल पुन्हा बघा. ब्राँझ, ४५१.४. गुण सगळे बघतात. पोझिशन बदलताना तो किती शांत आहे ते बघा. कुठे धांदल नाही.

कोल्हापुरी_टेन

कांबळवाडीचा वाघ! आणि राहीताई सरनोबतांचं पालेमबांगचं सुवर्ण विसरू नका, २०१८ आशियाई. २५ मीटर पिस्तूलच, म्हणजे याच धाग्याचा विषय. दोघी ३४ वर बरोबरीत, मग शूट-ऑफ. त्यातला प्रत्येक शॉट हाच, लाल-हिरवा, ३ सेकंदांचा. तिथं हात थरथरला नाही म्हंजे तो ताल किती मुरलेला असंल बघा.

थ्रीपी_वेडा

आणि तेजस्विनी सावंत, २०१० ला म्युनिकला प्रोनची विश्वविजेती. कोल्हापूरच्या पाण्यात काहीतरी आहेच.

दहा_पॉइंट_नऊ

पाण्याचं माहीत नाही, तिथल्या कोचिंगमध्ये नक्की आहे. विषयाकडे येतो.

ॲपपेक्षा मला एक सोपा उपाय आवडतो: स्वतःची ऑडिओ-व्हिडिओ फाइल बनवा. व्हिडिओत आधी काळी स्क्रीन, त्यावर 'लोड' असा आवाज, मग 'अटेन्शन', मग ७ सेकंद लाल, ३ सेकंद हिरवा, असं पाच वेळा. शेवटी 'स्टॉप', 'अनलोड'. 'अटेन्शन' ते शेवटचा हिरवा जेमतेम ५० सेकंदांचा कारभार. अशा सहा सिरीज जोडल्या की रॅपिडचा पूर्ण ३० शॉट्सचा भाग तयार. जाहिरात नाही, इंटरनेट नाही, ॲप मधेच बंद पडणं नाही. जुना, सिम नसलेला फोन असेल तर तोच भिंतीवर कायमचा लावून टाका.

मात्र एकच फाइल रोज वापरू नका. आज्ञा देणाऱ्याचा आवाज, दोन आज्ञांमधला वेळ, सगळं तोंडपाठ होतं आणि मॅचला रेंज ऑफिसरनं थोडं थांबून 'अटेन्शन' दिलं की बावचळायला होतं. चार-पाच वेगवेगळ्या करा. दोन आज्ञांमधला वेळ प्रत्येकीत निराळा ठेवा.

मालवणची_माया

अशीच फाइल १० मीटरच्या फायनलसाठी पण करता येईल की. आज्ञांसकट, ५० सेकंदांची. मॅचला माझी छाती धडधडते ती शॉटला नाही, 'स्टार्ट' ऐकलं की. रोज तेच ऐकलं तर भीड चेपेल.

दूधगंगा

माया, अगदी बरोबर, आणि याला माझा विरोध नाही. फायनलची आज्ञा ऐकून शांतपणे उचलणं हा सरावाचाच भाग. तिथे ५० सेकंद संपायच्या बीपसाठी शॉट मारू नका म्हणजे झालं. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर हात खाली घेऊन दुसऱ्यांदा उचलायला ५० सेकंद पुरतात, हे मुलांना टायमरनंच पटतं. म्हणजे मी वर लिहिलं त्यात एवढी भर घाला.

निशाणी

सगळे टायमरच्या गडबडीत सुरक्षेचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

छर्ऱ्यांचा डबा ड्रायच्या खोलीत ठेवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा. सिलिंडरमध्ये हवा असेल तर पिस्तूल ड्रायच्या खटक्यावर आहे ना ते बघा. सुरू करण्याआधी आणि संपल्यावर बॅरल उघडून सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामं असल्याची रंगीत खूण) घाला, रेंजवर घालतो तसाच. टार्गेट ज्या भिंतीवर आहे तिच्यापलीकडे कुणाचा वावर नको, दार तर नकोच. सोसायटीत राहत असाल तर पडदे ओढून घ्या. समोरच्या इमारतीतल्या माणसाला खिडकीत पिस्तूल ताणलेला हात दिसला तर त्यानं पोलिसांना फोन करणं साहजिक आहे.

.२२ पिस्तूल घरी असेल तर ते रिकामं मारण्याआधी त्याचं माहितीपुस्तक वाचा. रिमफायरमध्ये फायरिंग पिन गोळीच्या काठावर बसते, गोळी नसली तर कित्येक पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि काठ दबतो. ड्रायची सोय असेल तरच मारा.

आणि टायमर चालू असताना मधे कुणी खोलीत आलं तर फाइल संपेपर्यंत थांबायचं नाही. पिस्तूल खाली, बोट बाहेर, फाइल बंद. टायमर चालू आहे म्हणून रेटून नेण्याची वृत्ती मला सगळ्यांत धोक्याची वाटते.

फौजीकाका

निशाणी बेटा, शाबास. हे पहिल्या प्रतिसादात यायला हवं होतं.

बालेवाडीकर

निशाणी, +१. एअर पिस्तूलवर २५ मीटरचा सराव करणाऱ्यांसाठी ट्रिगरचंही सांगतो. एअर पिस्तूलचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, २५ मीटर पिस्तूलचा किमान १००० ग्रॅमचा. घरी ५०० वर ३ सेकंदांत छान जमतं आणि रेंजवर .२२ हातात घेतलं की ट्रिगर सुटतच नाही, मग माणूस हिसका देतो. एअर पिस्तूलच्या ट्रिगरचं वजन वाढवता येत असेल तर रॅपिडच्या ड्रायपुरतं वाढवा. ट्रिगरचा पहिला टप्पा (अडेपर्यंतचा हलका प्रवास) हात वर येतानाच घेतलेला हवा. हिरवा लागल्यापासून साधारण सव्वा ते दीड सेकंदात पिस्तूल टार्गेटवर, तोवर पहिला टप्पा पूर्ण, मग उरलेल्या वेळात बोट सलग दाबत जायचं. शॉट अडीच सेकंदांच्या आसपास सुटला तर उत्तम. दीड सेकंदात सुटला तर तुम्ही वेळ फुकट घालवलात.

आणि आठ महिन्यांनी कुणीतरी विचारेलच म्हणून आताच लिहितो: मॅचला फोन आणि स्मार्टवॉच फायरिंग पॉइंटवर चालत नाही. कानात आवाज सोडणारं काहीही चालत नाही, फक्त साधे इअरमफ किंवा बोळे. वेळ बघायचा तो लेनच्या मॉनिटरवर नाहीतर साध्या घड्याळात. म्हणून मॅचच्या आधीचा आठवडा मी मुलींना फोनशिवाय सराव करायला लावतो. ७ आणि ३ पोटातून यायला हवेत.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलेलं करून बघितलं, म्हणून परत आले.

९० मिमीचं वर्तुळ, पांढऱ्या रेघा, भावाचा जुना फोन भिंतीवर, आवाज बंद. पहिल्याच दिवशी फरक कळला: बीप असताना मी लाल दिव्याच्या वेळात पिस्तुलाकडे बघत होते, हात कुठे आहे ते. आता डोळे वर्तुळावरच राहतात आणि पिस्तूल खालून नजरेत येतं. त्यामुळे पुढची साईट आधी दिसते, वर्तुळ मागे धूसर. पूर्वी उलटं होत होतं.

अडीच सेकंदांचं पण तपासलं. ताईनं बाजूनं व्हिडिओ काढला, भिंतीवरचा फोन आणि माझा हात दोन्ही दिसतील असा. मग तो हळू चालवून बघितला. हिरवा झाल्यापासून ट्रिगरच्या 'टक्'पर्यंतचा वेळ त्यात नीट मोजता येतो, माइकवाल्या ॲपची गरजच नाही. माझे बहुतेक शॉट दोन सेकंदांच्या आत सुटत होते. म्हणजे सरांची भीती बीपबद्दल अगदी खरी होती. सरांना व्हिडिओ पाठवला. ते म्हणाले, दिव्यावर करतेस तर कर, पण शनिवार-रविवार काहीही न लावता कर. ते मी मान्य केलंय.

दहा_पॉइंट_नऊ, तुमच्याकडे तयार फाइल असेल तर मिळेल का? मला व्हिडिओ जोडायचं जमत नाही.

दहा_पॉइंट_नऊ

व्हिडिओ बाजूनं काढून मोजायची युक्ती झकास आहे, मी पण करणार. फोन सेकंदाला ६० चित्रं घेत असेल तर १८० चित्रं म्हणजे तुमचे ३ सेकंद.

फाइल्स आहेत. पाच निरनिराळ्या बनवून आज रात्री तुम्हाला व्यक्तिगत निरोपात दुवा पाठवतो. प्रत्येकीच्या सुरुवातीला अर्धा मिनिट काळी स्क्रीन ठेवतो, फाइल लावून जागेवर येऊन पाय जुळवायला तेवढा वेळ लागतोच.

मालवणची_माया

मला पण! फायनलची ५० सेकंदांची.

ठाण्याची_आई

आणि आम्हाला होल्डिंगची, २०-४० ची. मधे कुणीतरी प्रेमानं 'खांदा खाली' म्हणणारा आवाज टाकता आला तर बघा, मुलगी माझं ऐकत नाही.

दहा_पॉइंट_नऊ

टाकतो. दूधगंगा सर, आवाज तुमचा देता का?

दूधगंगा

देतो. उद्या संध्याकाळी रेंज रिकामी झाली की रेकॉर्ड करतो. इंग्रजी आज्ञा पण माझ्याच आवाजात घ्या, 'अटेन्शन' मी जरा लांबवून म्हणतो, मुलांना त्याची सवय आहे.